मनगटाचं गुपित

आईच्या मानदुखीसाठी दवाखान्यात आले होते. शेजारी दोन आजी, एकेकाळच्या टायपिस्ट! माझं तोंड पुस्तकात, कान मात्र तिकडेच.

"मनगट काय म्हणतंय गं?"

"गेल्या आठवड्यातच दुखायचं थांबलं. डॉक्टरांपाशी बोलू नकोस."

"मग दुखणं मेंदूतूनच शमवायला डोक्याला लावतात ते चुंबकाचं यंत्र अजून कशाला लावून घेतेस?"

"ते टकटक टकटक करतं नि जरा थांबतं, ओळ संपल्यासारखं! डोळे मिटले की आपलं ऑफिस, बारा टाइपरायटर, शेजारी तू."

"वेडाबाई, खरं दुखणारी माणसं बाहेर ताटकळतायत."

नर्सनं हाक मारली.

"सिस्टर, माझं दुखणं गेलंय. उद्यापासून माझी वेळ दुसऱ्याला द्या. आज मात्र बसू द्या. मनातल्या मनात हिला पत्र टाइप करतेय, ते अर्धवट राहिलंय."