सासऱ्यांच्या गाडीतला लाल दिवा

…नाही, तुम्हीच सांगा, दिवा लागला की माणसानं घाबरायचं की नाही? लाल दिवा! डोळे वटारल्यासारखा! माझी गाडी असती तर म्हटलं असतं, लाग बाबा, तुझी मर्जी… पण गाडी सासऱ्यांची हो!

तुम्हाला सांगतो, माझे सासरे निवृत्त हेडमास्तर. अकरा वर्षांपूर्वी मुलगी दिली, ती एका बैठकीत दिली. गाडीची किल्ली मात्र परवा पहिल्यांदा दिली, तीही बायकोचा पाय प्लास्टरमध्ये, स्कूटरवर बसवता येईना, म्हणून. चार दिवसांसाठी. वर म्हणाले, "जावईबापू, जशी नेताय तशी आणा." एवढंच. पण आवाज असा, की मी मनातल्या मनात बाकावर उभा राहिलो.

म्हटलं, जशीच्या तशी कशाला? त्याहून छान देऊ! सकाळीच बादली घेऊन बसलो. सीटखालचा बिस्किटांचा चुरा काढला, आरसे पुसले, स्टिअरिंगमागच्या वेगाच्या काट्यांवरच्या काचेला कसलीशी मळकी पट्टी चिकटली होती ती नखानं खरवडली, पायपुसणी झटकली… शेजारीण म्हणाली, "नवी घेतलीत?" मी खूश. दवाखान्यात निघालो, किल्ली फिरवली, आणि… लाल दिवा!

मागच्या सीटवर प्लास्टर आडवं टाकून बसलेली बायको म्हणते, "बाबांच्या हातून कधी लागला नव्हता हा." झालं! म्हणजे गाडी चांगली, दिवा चांगला, हात माझा वाईट! पुस्तिका काढली. त्यात लिहिलंय, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी झालंय, थांबा, इंजिन थंड होऊ द्या, गरम असताना झाकण उघडू नका. थांबलो. अर्धा तास मी बॉनेटकडे बघतोय, बायको माझ्याकडे. मग बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीत डोकावलो, तर कूलंट दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये! पाहिजे तिथे! आणि दिवा? लाल!

"बाबांना फोन कर ना," बायको म्हणाली. फोन? मी? काय सांगू, जशी नेली तशी राहिली नाही म्हणून? गाडी सासऱ्यांची हो!

खालच्या मजल्यावरचे काका येऊन वाकले. "हिरवं कूलंट घातलंय? इथे गुलाबी लागतं! हलक्यात घेऊ नका हं, माझ्या साडूचं इंजिन असंच गेलं." साडूचं इंजिन! दोन दिवस घरात तापाचं पोर असल्यासारखा दर तासाला खाली जाऊन टाकी बघून येत होतो.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक. त्यानं टाकी हलवली, टिचकी मारली, म्हणाला, "साहेब, कूलंट व्यवस्थित आहे. दिवा खोटं बोलतोय. टाकीतला पातळी सांगणारा सेन्सर गेलाय, तोही आजचा नाही, कित्येक वर्षांचा." कित्येक वर्षांचा! मला तेव्हाच कळायला हवं होतं… पण नाही. म्हटलं, बदल. बदलला. दिवा विझला. मी त्याला मिठीच मारणार होतो, ग्रीसनं माखलेला होता म्हणून वाचला.

चौथ्या दिवशी बायकोसकट गाडी सासऱ्यांच्या दारात. ते आत बसले, किल्ली फिरवली, काट्यांकडे पाहिलं.

"जावईबापू, इथली पट्टी?"

"…कुठली पट्टी?"

"काळी. मी लावलेली. खाली लाल दिवा होता. सात वर्षं होता. त्याचा काही त्रास नव्हता."

"बाबा, आता दिवा लागतच नाही, सेन्सर नवा टाकला!"

"म्हणजे," ते शांतपणे म्हणाले, "चार दिवसांत दिवाही घालवलात." मागे बायको हसतेय, प्लास्टर गदगदतंय!

किल्ली त्यांच्या खिशात गेली. आणि प्लास्टर अजून तीन आठवडे! मी चाचरत म्हटलं, "बाबा, गुरुवारी पुन्हा दवाखाना आहे…" ते म्हणाले, "आधी जशी नेली होती तशी करा, मग बघू."

काय करणार? कोपऱ्यावरच्या दुकानातून काळी पट्टी आणली. आता उद्या खरंच कूलंट संपलं तरी कुणाला कळायचं नाही. विझलेल्या दिव्यावर नवी कोरी पट्टी आहे, चारही कोपरे दाबून बसवलेली… मीच बसवली. गाडी सासऱ्यांची हो!