मी बाईंविरुद्ध केलेली तक्रार

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज या प्रसूतिगृहातून निवृत्त होणाऱ्या आमच्या व्यायामाच्या बाई, आणि इथे जमलेल्या सगळ्या आयांनो,

मला बोलायला उभं केलंय ते 'जुनी पेशंट' म्हणून. अशा वेळी गोड बोलायचं असतं, हे मला कळतं. पण माझ्यापाशी आहे ते सगळंच गोड नाही.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवा महिना, आणि दिवसभर शिवणयंत्रावर बसायचं काम. कंबर अशी धरायची की उठताना डोळ्यांत पाणी यायचं. बाईंनी मला चटईवर हात-गुडघे टेकायला लावले. "श्वास सोडत पाठ वर उचला. आता हळूच सरळ. पोट खाली लोंबू देऊ नका." पंधरवड्यात मी सुखाने झोपू लागले.

एका मंगळवारी वर्गात त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बाळ हलतंय ना?"

"सकाळपासून गप्प आहे."

त्यांनी वर्ग तिथेच थांबवला, मला हाताला धरून तपासणीला नेलं. बाळाचे ठोके लागले नाहीत. मुलगी होती.

सासूबाई म्हणाल्या, "ते रांगणंच भोवलं." आणि खरं सांगते, मला ते पटलं. कुणावर तरी खापर फोडल्याशिवाय मला जगताच येत नव्हतं. मी लेखी तक्रार केली. तीन महिने बाईंचा वर्ग बंद राहिला. मग चौकशीचा निकाल आला: नाळेला गाठ बसली होती, व्यायामाचा काही संबंध नाही. मी कागद वाचला, घडी घातली, कपाटात ठेवून दिला. माफी मागायला तोंड कुठे होतं?

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले, पुन्हा कंबर धरली. वर्गाच्या दाराशी घुटमळत होते. बाईंनी पाहिलं. "चपला काढा, आत या." बाकीच्या गेल्यावर माझ्या शेजारी बसल्या, म्हणाल्या, "पहिलीचं नाव काय ठरवलं होतंत?"

दोन वर्षांत हे मला कुणी, अगदी माझ्या आईनेही, विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं आणि पोटभर रडले. बाई नुसत्या माझी पाठ चोळत राहिल्या. तक्रारीचा शब्द त्यांनी तेव्हाही काढला नाही, नंतरही नाही.

संयोजकांनी ही संधी दिली, त्यांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. आणि बाई, तुमची चूक नव्हती. हे मला इतकी वर्षं माहीत होतं. मला क्षमा करा.