रविवारी तेल विकणारी बाई

नाव: लोसालिने वाइपुलु. वय ५२ वर्षे. धंदा: सुवासिक खोबरेल तेल काढून विकणे. राहणार नुकुनुकु, टोंगाटापू, टोंगा.

विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे की, मी वरील गावी राहते व चर्चच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत गाते. मी रविवारी धंदा केला अशी माझ्याविरुद्ध तक्रार आहे. रविवारी विक्री करणं आपल्याकडे गुन्हा आहे, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे.

गेल्या रविवारी सकाळी मी चर्चमध्ये गात असताना फोनवर एक बाई थेट प्रक्षेपणात तेल विकत होती. चेहरा माझा, आवाज माझा. बघणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारत होती. तेल मात्र विलियामी हालासिमा या दुकानदाराचं, त्या तेलाला धड वाससुद्धा नाही. प्रार्थनेच्या वेळी तिला इतके लोक बघत होते, तर बाकांवर कोण बसलं होतं, हे पाद्रीबुवांनी बघावं.

बाहेर पडल्यावर शेजारीण कालोलाइने म्हणाली, "काय गं लोसा, रविवारसुद्धा सोडला नाहीस?"

मी म्हटलं, "अगं, तुझ्याच शेजारी उभी राहून गात होते ना मी?"

"गात होतीस गं. पण आधीच चित्रीकरण करून ठेवलं असशील. हल्ली काय, सगळं जमतं."

दोन-तीन दिवसांत माझं गिऱ्हाईक तुटलं आणि गायनवृंदातली माझी जागा दुसरीला दिली. तेलाचं एक वेळ चाललं असतं, पण जागा गेली ते मला फार लागलं.

आज शनिवारी सार्जंट तेविता मोआला यांनी विलियामीला ठाण्यात माझ्यासमोर बसवलं. तो म्हणाला की हे नवीन तंत्र आहे, माणसाला एकदा टिपून घेतलं की संगणक त्याला पाहिजे ते बोलायला लावतो, आणि ही विक्रेती झोपत नाही की पगार मागत नाही. पुढे मला म्हणाला, "मावशी, तुम्हीच दुकानात येऊन चित्रीकरण करून दिलंत. आता चर्चला घाबरून कानावर हात ठेवताय."

मी म्हटलं, "विलियामी, तुझ्या त्या बाईच्या अंगावर काय आहे, बघ जरा."

तो म्हणाला, "चटई. आपला पारंपरिक पोशाख." तो ऑकलंडला वाढलेला आहे. सार्जंटनी फोनमध्ये पाहिलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

ती छातीपर्यंत गुंडाळलेली फाटकी चटई सुतकाची आहे. ती मी एकदाच गुंडाळली, मार्चमध्ये, माझ्या आत्याच्या मयताला. घरात आत्याचा मान सगळ्यात वरचा, म्हणून आम्ही भाच्यांनी केस मोकळे सोडून मयताच्या जेवणाच्या भट्टीपाशी राबायचं असतं. तिथेच चटईचा कोपरा जळला. परदेशातल्या नातेवाइकांना दिसावं म्हणून ते सगळं आम्ही फोनवरून दाखवलं होतं. चटई मी पोत्यात घालून आणली होती, ती टेबलावर पसरली. जळका कोपरा दोन्हीकडे एकच निघाला. अशी चटई नेसून तेल विकायला कोण बसेल?

त्या वेळीही ती फोनवरची बाई तेल विकतच होती. सार्जंटच्या परवानगीने मी माझ्या फोनवरून तिला लिहून विचारलं, "बाई, चटई सुतकाची दिसते, तुमच्याकडे कोण वारलं?"

ती हसून म्हणाली, "लोसालिने, किती छान प्रश्न! आज एका बाटलीवर एक फुकट."

बघणाऱ्यांत ऑकलंड-सिडनीपर्यंतचे आपले लोक होते. त्यांनी सांत्वनाचा पाऊस पाडला. एकाने लिहिलं, "आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत, फुकटची बाटलीही मयतासोबत पुरा." ती सगळ्यांचे नावानिशी आभार मानत राहिली. सार्जंट तोंडाला रुमाल लावून व्हरांड्यात गेले. विलियामीने स्वतःच्या हाताने तिला बंद केलं आणि मयताच्या चित्रीकरणातून माझा चेहरा व आवाज चोरल्याचं कबूल केलं.

खिडकीबाहेर कालोलाइने उभी होती, त्यामुळे गावाला सांगायची गरज उरली नाही. जबाब चालू असतानाच गायनवृंदाच्या प्रमुखांचा फोन आला. उद्या विलियामी चर्चमध्ये सर्वांसमोर माफी मागणार आहे. ती मी पहिल्या रांगेतून ऐकणार आहे.

विलियामीने मयतातला माझा रडवेला चेहरा घेतला आणि त्याला हसवलं. मी त्या दिवशी हसले नव्हते. हे वाक्य सार्जंट गाळत होते, मी लिहायला लावलं.

वरील जबाब मला टोंगन भाषेत वाचून दाखवला. वाचणारा आवाज सार्जंटचा होता. शब्द माझे आहेत.