नानांनी गव्हाची पानं तोडली तेव्हा

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो आणि नानांची लेक वैशाली. मला बोलायला उठवलं, पण मला सभेत बोलायची सवय नाही. घरून ठरवून आले होते, तेही आता आठवत नाही. तेव्हा घडलं तसं सांगते.

मी मंगल. नानांचं वावर आणि माझं वावर, मध्ये एक बांध. नाना गव्हाच्या संशोधन केंद्रावर मजूर म्हणून लागले आणि मोजमाप करणारे मदतनीस म्हणून निवृत्त झाले. पिंपळनेरला परत आले ते एक छोटा वजनकाटा घेऊन.

तीन वर्षांपूर्वी गहू फुलोऱ्यातून निघाला, दाणा धरू लागला आणि माझी विहीर आटली. हिरवा गहू आठ दिवसांत पिवळा पडला. आणि बांधापलीकडे नाना काय करत होते? एका ओळीची चांगली हिरवी पानं तोडत होते. मी विचारलं, "नाना, पानं का बरं तोडी राह्यनात?"

म्हणाले, "पान नसनं तर दाना कशावर भरस, ते देखनं शे."

मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. मी म्हटलं, माझा गहू तर मेला, उद्या कापून गुरांना टाकते. तशी नाना बांध ओलांडून आले. "मंगल, मरेल नही शे तो. थांब." त्यांनी एक काडी सोलली, मला चावायला दिली. किंचित गोड लागली. म्हणाले, "पानं हिरवी असतात तेव्हा काडी हा गोडवा साठवते. पानं वाळली की तोच दाण्याकडे जातो."

मला पटलं नाही. तरी थांबले. आणि दाणा भरला. भरल्या पाण्यावरच्या गव्हासारखा नाही, पण भरला. नानांच्या बिनपानांच्या ओळीचाही भरला. त्यांनी आधीच्या वाळवून ठेवलेल्या काड्या आणि कापणीच्या काड्या काट्यावर घातल्या. कापणीच्या हलक्या निघाल्या. "काडीतून गेलं, ओंबीत आलं," म्हणाले. पोरासारखे हसले.

गोष्ट इथं संपली असती, तर मी आज सरळ बोलले असते.

मागच्या वर्षी तेच बियाणं पेरलं. पाणी कमीच होतं, ते मी कांद्याला दिलं. काडी दाणा भरेलच म्हणून गव्हाचं तोडलं. नानांनी मला नको म्हटलं होतं का? खरंच आठवत नाही. म्हटलं असेल. मी ऐकलं नसेल. दाणा चिमला. बारीक, सुरकुतलेला. मी नानांच्या दारात जाऊन चार माणसांसमोर म्हटलं, "तुमच्या नादी लागले आणि माझं पीक गेलं."

नाना दुसऱ्या दिवशी काड्या घेऊन आले. "यंदा काडी आधीपासूनच रिकामी शे. गहू पोटरीत होता, ओंबी बाहेरही आली नव्हती, तेव्हाच ताण पडला. साठलंच नाही, तर देईल काय?"

मी म्हटलं, मग माझ्याच वावरातली लिंबाखालची ओळ कशी भरली? तेच बी, तीच जमीन.

नाना म्हणाले, "माले माहीत नही."

सगळी नोकरी गहू मोजण्यात गेली, आणि म्हणे माहीत नाही. मला तेव्हा राग आला होता. आता काय वाटतं, ते कळत नाही. मी त्यांची माफी मागितली नाही. ते रुसलेही नाहीत. मागायला हवी होती का? कुणाला विचारू?

कालपासून जो तो म्हणतोय, नाना त्या काडीसारखेच होते, सगळं देऊन गेले. म्हणणाऱ्यांचा भाव चांगला आहे. पण मला तसं म्हणता येत नाही. छातीत दुखत होतं, ते नानांनी कुणाला दिलं? स्वतःजवळच ठेवलं. वैशाली मला विचारते, "मावशी, तुम्हाला तरी बोलले होते का?" नाही गं. रोज भेटायचे, पण नाही बोलले. का नाही बोलले, तेही माले माहीत नही.

आज सकाळची गोष्ट सांगते आणि बसते. माझा गहू चिकात आहे, दाणा दाबला की दूध येतं. नानांचा काटा माझ्याकडेच राहिला होता. वाळवलेल्या दहा काड्या तोलल्या. मागच्या आठवड्याच्या काड्यांपेक्षा जड भरल्या. कॅलेंडरवर लिहिलं, चप्पल घातली आणि नानांना सांगायला निघाले. बांधापर्यंत गेले. तिथं लक्षात आलं. मग पुढं जावं की मागं, काही सुचेना. उभीच राहिले.

आता आपण सगळेच उभे राहू. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.

त्याआधी एकच. नाना रोज सकाळी बांधावरून मला जयभीम म्हणायचे आणि मी रामराम म्हणायचे. इतकी वर्षं मी त्यांचा शब्द त्यांना परत दिला नाही. कधी मनात आलं नाही, इतकंच.

नाना, जयभीम.