औषध घेतल्याशिवाय उठणार नाही

सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीपुढे शिंपीकाका उभे होते. पुढे दोघी म्हाताऱ्या बहिणी बोलत होत्या.

“ताई, साखरेच्या गोळ्या संपल्यात म्हणे. बाहेरून घेऊ.”

“तुला शहरात राहून परवडतात?”

“कुठल्या! दिवसाआड खाते.”

“आमच्या गावात तर दुकानच नाही. गोळीपेक्षा बसभाडं जड.”

“मग करायचं काय?”

“इथंच बसायचं.”

“अगं, हाकलतील!”

“हाकलू देत. तुझ्या भावजींना याच खिडकीनं सारखं परत पाठवलं. शेवटी पाय कापला त्यांचा. मी मात्र मरेपर्यंत दोन्ही पायांवर चालणार.”

ताईंनी खिडकीसमोर फतकल मारली.

“आजी, उठा. उद्या या,” खिडकीतून आवाज आला.

“उद्याचं भाडं तुम्ही देणार?”

रिकामी पिशवी घेऊन परत निघालेले शिंपीकाका थबकले.

“जरा सरकता का, ताई? मलाही साखर आहे,” म्हणत त्यांनी शेजारी मांडी घातली.