बर्फ मऊ व्हायच्या आधी

हिमानी : आई, हलू नकोस! गेला ना पाय आत?

शोभना : मांडीपर्यंत गेला गं. वरून कसं घट्ट दिसत होतं!

हिमानी : काठी दे इकडे. आता मागे रेल, हं, निघाला. दुखतंय का?

शोभना : छे. मोजे ओले झाले, एवढंच. चल, तळं त्या झाडांच्या पलीकडेच म्हणालीस ना?

हिमानी : पलीकडेच आहे. पण आपण परत फिरतोय.

शोभना : इतक्या जवळ येऊन?

हिमानी : कोलोरॅडोत मे महिन्याचा स्नो असाच असतो, आई. रात्री गोठतो, सकाळी सिमेंटसारखा टणक. ऊन लागलं की सगळा भुसभुशीत. आणि पुढे ट्रेलवरच्या बर्फाखालून ओढा वाहतोय. तिथे पाय गेला तर मी एकटी तुला काढू शकणार नाही. रिस्क नको.

शोभना : मघाशी उतरत होती ती मंडळी तर तळं बघून आली.

हिमानी : ते पहाटे निघाले होते.

शोभना : तूही पहाटे गाडी काढून उभी होतीस. माहितेय मला. माझे धपाटे चालले होते.

हिमानी : किती वेळा म्हटलं, प्रोटीन बार आहेत, पुरे.

शोभना : घरातून बाहेर पडायचं आणि डबा नाही, हे मला सुचतच नाही. तू आणि बाबा राजगडला जायचात, तेव्हाही अंधारात उठून करायचेच ना.

हिमानी : तू का नाही यायचीस गं कधी?

शोभना : आजींना एकटं कोण ठेवणार? आणि चल असं कुणी म्हटलंही नाही. लग्नाआधी तुझ्या बाबांपेक्षा जास्त किल्ले चढलेय मी.

हिमानी : काय सांगतेस! बाबा कधी बोलले नाहीत.

शोभना : विसरले असतील. मी तरी कुठे आठवण करून दिली? द्यायला हवी होती.

हिमानी : जुलैत ट्रेल कोरडा होतो. तेव्हा येऊ आपण.

शोभना : उद्या सकाळीच विमान आहे माझं. मग गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणालेत, यापुढे डोंगर विसरा.

हिमानी : सॉरी, आई. तुला ओढत गाडीत बसवायला हवं होतं मी.

शोभना : तुझं काय चुकलं? जन्मात एकदा स्वतःसाठी निघाले, तरी आधी तवाच तापवला. फार वाईट वाटतंय गं.

(दोघी एका कोरड्या खडकावर बसतात. हिमानी सॅकमधून डबा काढते.)

हिमानी : खा ना थोडं. खरंच मस्त झालेत.

शोभना : होणारच. तेवढंच तर करत आले.