पहिल्या पंगतीनं बोलावं

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न! उत्तराची घाई नको, नीट विचार करा. कुणी तुम्हाला एखादी वस्तू फुकट दिली — प्रेमानं दिली, मोबदल्यात काही मागितलं नाही — आणि त्या वस्तूत खोट निघाली! तर बोलावं का? की गप्प बसावं?

पाहा! सगळे गप्प! म्हणजे मला उत्तर मिळालं! धर्माची गाय, तिचे दात कसले मोजायचे — असंच ना? मग ऐका तर, आज त्या गायीचे दात मोजणाऱ्याची गोष्ट!

यात राजा नाही. ऋषी नाही. आमचे देवरुखचे अच्युतराव आठल्ये आहेत! जन्मापासून दृष्टी नाही. सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते, सेवा संपवून घरी बसले. घरी बसले म्हणजे काय, संगणकासमोर बसले! आता म्हणाल, दिसत नाही तर संगणक कसा? अहो, त्यांच्या संगणकात एक बाई आहे! पडद्यावर जे असेल ते ती वाचून दाखवते. मराठीत! जरा नाकात बोलते, पण बोलते. अच्युतराव तिला म्हणायचे वाचनबाई. आणि त्यांच्या सौभाग्यवती कुमुदताई म्हणायच्या, “आज सकाळपासून तुमच्या त्या बाईंशीच बोलताय, आमच्याशी कधी?”

हसताय! पण ती बाई त्यांचे डोळे होती हो!

आता पंचाईत अशी, की संगणक जुना. त्यातली ती मूळ प्रणाली, ज्यावर सगळा डोलारा उभा असतो, ती त्याहून जुनी. नव्या संगणकावर ही वाचनबाई चालायची नाही! पुतण्या म्हणाला, “काका, नवीन घ्या.” अहो, नवीन घ्या? बोटांना पाठ झालेल्या कळा, कानाला पाठ झालेला आवाज — सत्तरीनंतर माणसाला डोळे बदला म्हणून सांगायचं?

तशात एके दिवशी ब्राउझर रुसला! ब्राउझर म्हणजे काय? आजोबा, तुमच्यासाठी सांगतो. इंटरनेटच्या गावात शिरायचं दार! टपाल तिथूनच यायचं. आणि दार म्हणालं, मी जुना झालो, आता उघडत नाही. नवं दार आणावं तर ते जुन्या चौकटीत बसेना. झालं? घर आहे, माणूस आहे, दारच नाही!

मग पुण्याहून शाळासोबती विनू गद्रे यांचा फोन आला. “अरे अच्युता, जगात काही खुळे लोक आहेत. नवं दार घेतात, तासतात, रंधा मारतात आणि जुन्या चौकटीत बसवून देतात. पगार नाही, पाटी नाही. सगळ्यांनी मिळून दुरुस्त केलेला ब्राउझर! बसव तुझ्याकडे.”

बसवला. आणि मंडळी — टपाल उघडलं! वाचनबाई घडाघडा बोलायला लागली! अच्युतरावांनी तर खुर्चीतूनच हात जोडले. कुणाला? ते त्यांनाही ठाऊक नव्हतं!

टपालाचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. सांगतो. त्यांची एकुलती एक लेक शर्वरी. मालवाहू जहाजावर इंजिनियर! महिनोन्महिने पाण्यावर. फोन लागला तर लागला, पण पत्र मात्र यायचं. अच्युतराव ते वाचनबाईकडून ऐकायचे आणि मग कुमुदताईंना सांगायचे. लेकीच्या पत्रांवर ते घर जेवत होतं म्हणा ना!

बरे दिवस चालले होते. मग त्या ब्राउझरची नवी आवृत्ती आली. अच्युतरावांनी ती घेतली. टपाल उघडलं. वाचनबाई म्हणाली, “शर्वरी. विषय — बाबा, हे फक्त तुम्ही वाचा.”

त्यांनी पत्र उघडलं. वाचनबाई म्हणाली, “बटण.”

पुन्हा कळ दाबली. “बटण.” खाली गेले. “बटण. बटण. बटण.”

अहो, काय वाटलं असेल बापाला! पत्र समोर आहे. लेकीचं आहे. ‘फक्त तुम्ही’ असं पोरीनं उगाच लिहिलं नसणार. काय झालं असेल? आजारी आहे? कुणी छळतंय? फोन लावला, लागेना. पुतण्या शेजारच्याच घरात, एका मिनिटात वाचून देईल. पण ‘फक्त तुम्ही’! लेकीनं बापावर ठेवलेला विश्वास बापानं पुतण्याच्या हातात द्यायचा?

माणूस जेवेना. झोपेना. कुमुदताईंनी विचारलं, तर “ब्राउझर बिघडलाय” एवढंच. खोटं नाही बोलले, पण अर्धं बोलले! बायकोपुढे अर्धं बोलून सुटलेला नवरा पाहिलाय का कुणी?

“मग त्या लोकांना कळवा की!” कुमुदताई म्हणाल्या.

“अगं, कसं कळवू? फुकटचं खातो त्यांचं. आणि वर नाक मुरडू? प्रसादाला नावं ठेवायची? आपल्याला शोभतं का ते?”

आता इथे ऐका, मंडळी! कुमुदताई उत्सवाच्या महाप्रसादाला रांधणाऱ्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, “प्रसादाचं मला सांगताय? अहो, नैवेद्य दाखवायच्या आधी आम्ही आमटी चाखतो का?”

“नाही. उष्टी होते.”

“मग मीठ बरोबर पडलंय की नाही, ते मला कोण सांगणार? पहिल्या पंगतीला बसलेले! आणि ते काय करतात? प्रसाद म्हणून डोळे मिटून भुरकतात, हात धुतात, जातात. मी दुसऱ्या पंगतीला तीच अळणी आमटी वाढते! तिसऱ्यालाही तीच! शेवटी आम्ही बायका जेवायला बसतो तेव्हा मला कळतं, आणि जीव चुटपुटतो हो! तसंच तुमच्या त्या ब्राउझरवाल्यांचं. त्यांना डोळे आहेत. ते डोळ्यांनी बघतात, बरोबर दिसतं, पुढे वाढतात. तुमची बाई काय बोलते ते त्यांनी चाखलंय कुठे? तुम्ही पहिली पंगत आहात! बोला!”

वा, कुमुदताई, वा! तबलजी, जरा ठेका धरा. हे पद मीच रचलंय, खोट असेल तर सांगा —

अळणी लागे जो घास। सांगे जो रांधणारास।
तोच खरा जाणा दास। अन्नपूर्णेचा॥

तर अच्युतराव बसले लिहायला. तक्रारीचं पान साधं होतं, ते बाईला वाचता येत होतं. त्यांचं इंग्रजी कचेरीतलं, तेव्हा पत्रही कचेरीतलंच! आदरणीय महोदय, सविनय सादर करण्यात येते की, आपल्या अमूल्य सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करून — अहो, क्षमा मागण्यातच अर्धं पान गेलं! बिघाड कुठे? तर तळाशी, सहीच्या जरासा वर!

पाठवलं. आणि मनात म्हणाले, आता म्हणतील, जमत नसेल तर वापरू नका!

उत्तर आलं. कुणी लिहिलं? नाव नाही, गाव नाही. स्वतःला ‘कासव’ म्हणवणारा कुणीतरी! लिहितो, “आजोबा, बरं झालं सांगितलंत. आम्हाला हे कळलंच नसतं. कोणती कळ दाबली, बाई काय म्हणाली, सगळं लिहा.”

आणि त्याच्या खाली आणखी एक उत्तर. कुठल्या तरी दूरच्या देशातली बाई. “मलाही दिसत नाही. माझ्याकडेही हेच होतंय. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. म्हणून बोलले नाही.”

अच्युतरावांनी ते वाक्य पुन्हा ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं. समुद्रापलीकडे एक अनोळखी बाई, त्यांच्यासारखीच, बटण-बटण ऐकत अंधारात गप्प बसली होती! दुसरी पंगत, मंडळी! अळणी जेवत होती बिचारी!

मग मात्र अच्युतरावांची भीड मेली. एकेक कळ सांगितली. कासवानं दुरुस्ती धाडली, चाखून बघा म्हणाला. आता पत्र वाचलं जायचं, पण पहिली ओळ गाळून. आधीचे अच्युतराव असते तर म्हणाले असते, चालेल, कशाला त्रास! पण आता? सविनय गेलं, सादर गेलं! ठणकावून लिहिलं, “मीठ अजून कमी आहे!”

त्या कासवाला मिठाचं काय कळलं देव जाणे! पण पहिल्या ओळीचं कळलं. पुन्हा दुरुस्ती आली. अच्युतरावांनी खोलीचं दार लोटलं, पत्र उघडलं. आणि वाचनबाई, तीच, नाकात बोलणारी, म्हणाली —

“बाबा, आधी हे ऐका की मी बरी आहे.”

मंडळी, हीच ती गाळली जाणारी ओळ! चालेल म्हणाले असते तर ही ओळ गेली असती!

पुढे पोरीनं लिहिलं होतं, “इंजिनच्या खोलीत उजवा हात भाजला होता. आईला सांगू नका, ती अन्न सोडेल. मी आल्यावर माझी मीच सांगेन. आता पट्टी सुटलीय. हे पत्र त्याच हातानं लिहितेय. चुका असतील तर सांगा.”

सुटला बाप! किती दिवसांचा अडकलेला श्वास सुटला! तिथेच बसून हसला, रडला, आणि बाहेर आला. कुमुदताई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. म्हणजे, नुसतं सूप हातात होतं!

“पोर बरी आहे,” अच्युतराव म्हणाले.

कुमुदताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पत्रात काय होतं, एका शब्दानं विचारलं नाही. “बसा, भात टाकते,” म्हणाल्या. आणि कितीतरी दिवसांनी अच्युतराव पोटभर जेवले.

तर मंडळी, बोलावं की गप्प बसावं? बोलावं! उपकार करणाऱ्याचा अपमान म्हणून नव्हे, तर त्याचं काम पुरं व्हावं म्हणून! आणि तुमच्या मागं कुणीतरी तीच अडचण गिळून बसलंय म्हणून! आपण काय करतो? तोंडावर छान-छान म्हणतो आणि घरी जाताना रस्त्यात बोलतो. खोटं असेल तर हात वर करा!

बरं, आता मला सांगा. मंडपाबाहेर, त्या चाफ्याखाली बसलेल्या मायबहिणींनो! मी मघापासून घसा फोडतोय. तुम्हाला नीट ऐकू येतंय का? खरं सांगा हं! —

काय म्हणता आजी? हात का हलवताय? — भोंगा बंद आहे? — कधीपासून? — सुरुवातीपासून?

अहो, मग बोलला का नाहीत! — काय? — “बुवांना वाईट वाटेल”!

हसू नका, कुणी हसू नका! माइकवाले, उठा, तो भोंगा बघा आधी. आरती थांबेल. आजी, तुम्ही अशा पुढे या, माझ्याजवळ बसा. तुमच्यासाठी पुन्हा सांगतो.